स्वभावाला औषध आहे काय?
(धूम्रपानमुक्तीचे उपचार आणि व्यक्तिमत्त्व : एक अभ्यास)

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या वेळा ऐकू येते की ती केवळ म्हण आहे, सिद्धांत नव्हे, याचा आपल्याला विसर पडतो. विडी-सिगारेटच्या बाबतीत तर ती हमखास येते. नवऱ्याने चौथ्यांदा शपथ मोडली की पत्नी ती म्हणते. दिलेल्या तारखेला पेशंट आला नाही की कंपाउंडर म्हणतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे दोन-तीनदा प्रयत्न करून हरलेला माणूस स्वतःच म्हणू लागतो, "माझा स्वभावच तसा आहे, माझ्याने होणार नाही." एकदा हे वाक्य तोंडातून निघाले की तो पुन्हा प्रयत्न करीत नाही. तेव्हा या म्हणीत तथ्य किती आहे, हे तपासून पाहणे हा निव्वळ मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विषय राहत नाही.

त्या माणसाचे यात काय पणाला लागलेले आहे, हे आधी पाहू. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा केला व २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षांनी कमी भरले. परंतु तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने ही जवळजवळ सर्वच वर्षे परत मिळविली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने सुमारे ९, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याने ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यानेही ३. "आता या वयात काय उपयोग" असे म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा शेवटचा आकडा अवश्य सांगावा.

सोडण्याची इच्छा लोकांना नसते, हाही एक गैरसमज आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १५ वर्षांवरील १०.७ टक्के लोक धूम्रपान करीत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याचा विचार किंवा बेत करीत होते. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के इतके खाली आहे, आपल्याकडे मुख्य रोग तंबाखू मळण्याचा, मशेरीचा आणि गुटख्याचा (२४.४ टक्के). हा लेख धुरापुरता मर्यादित आहे, कारण स्वभाव आणि व्यसन यांवरचे बहुतेक संशोधन सिगारेटवर झाले आहे. तरी डबीतून तंबाखू-चुना काढणाऱ्यालाही यातील बरेचसे लागू पडावे.

आता स्वभावाकडे वळू. सिगारेट ओढणारा माणूस मुळातच वेगळ्या घडणीचा असतो, हा विचार जुना आहे आणि त्याचा इतिहास फारसा निर्मळ नाही. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे १९५० नंतर पुढे येऊ लागले तेव्हा इंग्लंडचे थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८ च्या सुमारास आक्षेप घेतला. धूर हे कारण नसेलही, त्यांचे म्हणणे असे. एकाच जन्मजात घडणीमुळे माणूस सिगारेटकडेही वळत असेल आणि त्याच घडणीमुळे त्याला कर्करोगही होत असेल. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पुढे लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी हाच धागा व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने वाढविला. बहिर्मुख माणसे अधिक सिगारेट ओढतात हे त्यांचे निरीक्षण टिकले. पण विशिष्ट स्वभावच कर्करोगाला कारण होतो, असे सांगणारे जे शोधनिबंध त्यांनी एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केले, ते भरवशाचे नाहीत असा निर्वाळा २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने दिला. आयझेंक यांच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचे अर्थसाहाय्य मिळत होते, हेही आता सर्वश्रुत आहे.

फिशर यांच्या शंकेचे उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळाले. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांच्या अशा जोड्या शोधल्या गेल्या, ज्यांतील एक ओढतो आणि दुसरा ओढत नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या १२ वर्षांच्या पाठपुराव्यात एकरूप जुळ्यांपैकीही ओढणाराच बहुधा आधी गेला. एकरूप जुळ्यांची जन्मजात घडण तर एकच असते; तेव्हा दोष घडणीवर टाकून धुराला मोकळे सोडता येत नाही.

हा इतिहास येथे देण्याचे कारण आहे. "हा त्या माणसाचा स्वभाव आहे" असे आपण म्हणतो तेव्हा नकळत सिगारेट विकणाऱ्याची सुटका करतो आणि ओढणाऱ्यावर शिक्का मारतो. जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याच्या विचाराचा आपल्या समाजाने पुरेपूर अनुभव घेतला आहे. तोच विचार मानसशास्त्राचा कोट घालून आला तरी तो ओळखता आला पाहिजे.

म्हणून स्वभावाचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो निराळ्या जागी आहे. आजचे मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुणविशेष मानतात : बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता (म्हणजे लवकर चिंता, राग, उदासी येणे), कर्तव्यदक्षता, मनमिळाऊपणा आणि नव्या अनुभवांविषयी खुलेपणा. प्रत्येक गुण प्रत्येक माणसात कमी-अधिक असतो. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, ब्रिटन व अमेरिका येथील नऊ दीर्घकालीन पाहण्यांतील सुमारे ८० हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१५ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्यांत बहिर्मुखता व भावनिक अस्थिरता थोडी अधिक आणि कर्तव्यदक्षता थोडी कमी आढळली. यातील बारकावा असा की व्यसन सुरू होण्याशी बहिर्मुखतेचा आणि कमी कर्तव्यदक्षतेचा संबंध दिसला. पण सुटणे-न सुटणे आणि सोडल्यावर पुन्हा लागणे यांच्याशी मुख्य संबंध दिसला तो भावनिक अस्थिरतेचा. मित्रांच्या घोळक्यात लागलेली सवय पुढे मनाच्या अस्वस्थतेवर जगते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

हे सारे फरक सरासरीचे आहेत आणि लहान आहेत. एखाद्याचा स्वभाव पाहून "हा सोडील", "हा सोडणार नाही" असे भाकीत करता येईल इतके ते मोठे नाहीत. स्वभावापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो तो एक साधा प्रश्न : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? फागरस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा प्रश्नांची चाचणी १९९१ पासून जगभर वापरात आहे. तिच्यात पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याला ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १ आणि त्यानंतर ओढणाऱ्याला शून्य. दिवसाला १० पर्यंत सिगारेटींना शून्य, २० पर्यंत १, ३० पर्यंत २ आणि त्यापुढे ३. बाकीच्या चार प्रश्नांना एकेक गुण : मनाई असलेल्या ठिकाणी कळ काढणे जड जाते काय, दिवसातली कोणती सिगारेट सोडणे सर्वांत कठीण (सकाळची पहिली असेल तर गुण), सकाळच्या वेळी जास्त ओढता काय, आणि आजारपणात अंथरुणावर असतानाही ओढता काय. एकूण १० पैकी जितके गुण अधिक, तितके शरीर निकोटिनच्या ताब्यात अधिक. विडीच्या बाबतीत संख्येचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. विडी लहान असते, पण तिच्यातील तंबाखू कडक असते आणि ती विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. विडी सौम्य, ही समजूत चुकीची आहे.

उठल्याबरोबर उशाखालचे बंडल चाचपणारा आणि संध्याकाळी मित्रांबरोबर दोन ओढणारा, या दोघांना "इच्छाशक्ती वाढवा" असा एकच उपदेश करणे म्हणजे मधुमेहाच्या व सर्दीच्या रोग्याला एकच काढा देण्यासारखे आहे. पहिल्याला प्रथम औषध पाहिजे.

मग स्वभावाचा उपयोग कोठे? माणूस घसरेल तर कोणत्या पायरीवर घसरेल, हे स्वभावावरून कळते. कार्यकर्त्याला आणि कुटुंबाला हवी ती माहिती हीच आहे.

सर्वांत जास्त अडखळतो तो चिंताग्रस्त, तापट किंवा लवकर खचणारा माणूस. त्याच्या बाबतीत एक फसवणूक घडते, ती नीट समजून घेतली पाहिजे. झुरक्यातले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. प्रमाण उतरले की चिडचिड, अस्वस्थता, मन न लागणे सुरू होते. पुन्हा सिगारेट पेटविली की ती चिडचिड शमते. माणूस म्हणतो, "सिगारेटने माझे डोके शांत होते." वस्तुतः आधीच्या सिगारेटने जे डोके उठविले तेच पुढची सिगारेट बसवीत असते. सावकाराने कर्ज द्यावे, त्याच्याच हप्त्यासाठी पुन्हा कर्ज द्यावे आणि ऋणकोने त्याला दाता म्हणावे, तसा हा प्रकार आहे. जात्याच चिंता करणाऱ्या माणसाला यातले कोणते दुःख आपले आणि कोणते निकोटिनने आणलेले, हे ओळखता येत नाही. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो मुलांवर ओरडतो, ताट सरकवतो, रात्री जागतो. आणि घरचे काय म्हणतात? "त्यापेक्षा ओढ बाबा एक, पण शांत राहा." हे वाक्य प्रेमापोटी बोलले जाते आणि सारे मुसळ केरात जाते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो व बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, हे सोडणाऱ्याला आणि त्याच्या पत्नीला आधीच सांगून ठेवावे. कॅलेंडरवर खुणा कराव्यात.

सोडल्यानंतर मन कायमचे बिघडेल, ही भीतीही निराधार आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला दिसला. मानसिक आजार असलेल्यांतही तसेच. अर्थात ज्याला आधीपासून नैराश्याचा आजार आहे त्याने डॉक्टरांना तसे सांगूनच प्रयत्न करावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा प्रकार उतावळ्या माणसाचा. याला उद्याचे दिसत नाही असे नाही. दिसते, पण फार लहान दिसते. वीस वर्षांनी होणारा कर्करोग आणि आत्ता हातात असलेली सिगारेट यांत आत्ताचे जिंकते. अशा माणसाला कर्करोगाची चित्रे दाखवून फारसा उपयोग होत नाही. त्याच्यासाठी लाभ आणि हानी दोन्ही जवळ आणावी लागतात. या दृष्टीने फिलिपीन्समध्ये झालेला एक प्रयोग आपल्या बचतगटांनी अभ्यासावा असा आहे. मिंडानाओ बेटावरील एका बँकेने धूम्रपान करणाऱ्यांपुढे एक खाते ठेवले. माणसाने सहा महिने स्वतःचे पैसे त्यात भरायचे. मुदत संपल्यावर लघवीची तपासणी. निकोटिन सापडले नाही तर पैसे परत, सापडले तर ते धर्मादाय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार असे खाते सुचविलेल्यांपैकी केवळ ११ टक्के लोकांनी ते उघडले. तरीही ज्यांना सुचविले त्या सबंध गटात तपासणी उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी अधिक निघाले, आणि वर्षाच्या शेवटी अचानक केलेल्या तपासणीतही तो फरक राहिला. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या ८७८ कामगारांवर असाच प्रयोग झाला. तेथे कंपनीनेच टप्प्याटप्प्याने ७५० डॉलरपर्यंत बक्षीस ठेवले. बक्षीस असलेल्या गटात वर्षाच्या सुमारास १४.७ टक्के आणि नसलेल्या गटात ५ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते (२००९). आपल्याकडे ७५० डॉलर कोण देणार? पण रोजचे पाकिटाचे पैसे एका डब्यात टाकून त्याची चावी बहिणीकडे किंवा गटाच्या अध्यक्षाकडे देणे कोणालाही जमण्यासारखे आहे. उतावळ्याने घरात एकही सिगारेट, काडेपेटी किंवा लायटर ठेवू नये, हेही ओघानेच आले. मोहाची लाट काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात टपरीपर्यंत चालत जावे लागले तर पुष्कळदा ती ओसरून जाते.

गप्पिष्ट, चारचौघांत रमणाऱ्या माणसाचे पाऊल बहुधा संगतीत घसरते. लग्नाची वरात, नाक्यावरचा कटिंग चहा, पाळी सुटल्यावरचा अड्डा. त्याला एकटे बसवून सुटका होत नाही, कारण माणसांशिवाय तो कोमेजतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ लोकांच्या नातेसंबंधांचा अभ्यास झाला (२००८). पती किंवा पत्नीने सोडल्यास जोडीदाराच्या धूम्रपानाची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी घटलेली दिसली. लोक एकेकटे नव्हे तर गटागटाने सोडत गेले. तेव्हा अशा माणसाला सांगावे की तू एकटा सोडू नकोस, अड्ड्यावरचे दोघे बरोबर घे.

विसराळू किंवा अव्यवस्थित माणसाची अडचण तर फारच साधी असते : तो औषध नीट घेत नाही. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. लोक तो पानासारखा भराभर चघळतात, त्याने उचकी लागते, घसा जळजळतो, आणि "मला सूट होत नाही" म्हणून पाकीट पडून राहते. तो सावकाश चावायचा असतो. जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांमध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास पुरतो. चहा घेतल्याबरोबर तोंडात टाकला तर निकोटिन नीट शोषले जात नाही. पंधरा मिनिटे थांबावे. ज्याला एवढे लक्षात ठेवणे जमणार नाही त्याने दिवसाला एकदाच लावायच्या पट्टीविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता शिस्तीच्या माणसाविषयी. हा शब्दाला जागणारा, ठरल्या तारखेला सोडणारा. त्याला धोका नाही असे वाटते. त्याचा धोका एका झुरक्यात असतो. चाळीस दिवस पाळले आणि एक्केचाळिसाव्या दिवशी कोणाच्या तरी अंत्यविधीला एक ओढली गेली की तो म्हणतो, "संपले. व्रत मोडले." आणि घरी येताना पाकीट घेऊन येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात या मनःस्थितीचे सविस्तर वर्णन केले. एक चूक आणि पूर्ण पतन यांत अंतर आहे. ते अंतर अपराधीपणाची भावना पुसून टाकते, असा त्यांचा सिद्धांत. मार्लट स्वतः विपश्यना करीत. मोहाशी झुंजू नये, त्याच्या मागेही जाऊ नये. लाटेवर होडी तरते तसे तो उठताना, वाढताना आणि विरताना पाहत राहावे, ही त्यांनी रुजविलेली रीत. श्वासावर आणि संवेदनांवर लक्ष ठेवण्याची साधना ज्यांना परिचित आहे त्यांना ती नवी वाटणार नाही. अशा सजगतेच्या प्रशिक्षणाचा एक प्रयोग २०११ साली अमेरिकेत ८८ जणांवर झाला. सतरा आठवड्यांनंतर सजगता शिकलेल्या गटात ३१ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते, नेहमीचा वर्ग केलेल्या गटात ६ टक्के. अवघ्या ८८ जणांच्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये. आपल्या आवडीची गोष्ट सिद्ध होताना तर अधिकच सावध राहावे.

किती प्रयत्न लागतात, याचाही लोकांना अंदाज नसतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या एका पाहणीवरून २०१६ साली असा हिशेब मांडला गेला की कायमचे सुटण्यापूर्वी अनेकांचे तीस किंवा त्याहूनही अधिक प्रयत्न होत असावेत. चौथ्या वेळी हरलेला म्हणजे हट्टी स्वभावाचा, हे गणित मग कोठे बसते?

मूळ प्रश्न औषधाचा होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८,१४४ लोक होते. त्यांतील निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग धूम्रपानमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत २१.८ टक्के, बुप्रोपिऑन घेणाऱ्यांत १६.२, निकोटिनची पट्टी लावणाऱ्यांत १५.७ आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ९.४ टक्के होते. मानसिक आजार असलेल्यांचे आकडे थोडे खाली राहिले, पण औषधांचा गुण त्यांनाही आला. (पहिली दोन औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आहेत.) म्हणजे ज्यांच्या मनाला खरोखरच दुखणे आहे त्यांनाही औषध लागू पडते, मग नुसत्या तापट माणसाला "तुला काही लागू पडणार नाही" असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

औषध परवडत नसेल तर निव्वळ शब्दांचाही गुण येतो. लंडनमध्ये १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सामान्य डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे सल्ला देऊन, पत्रक हाती ठेवून, पुन्हा विचारपूस करू असे सांगितले, तेव्हा वर्षानंतर ५.१ टक्के लोक सुटलेले होते. काहीच न सांगितलेल्या गटात ०.३ टक्के. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत सुमारे बाराशे तंबाखू वापरणाऱ्यांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंधरा मिनिटांचा सल्ला आणि श्वसनाचा एक सोपा व्यायाम एवढेच दिले होते. सहा महिन्यांनी २.६ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. आकडे लहान दिसतात. परंतु हजार घरांच्या वस्तीत हे काम करणारे पाच कार्यकर्ते असतील, तर त्या लहान आकड्याचा अर्थ काही बापांची काही वर्षे असा होतो.

शेवटी म्हणीकडे. अमेरिकेत विद्यार्थिदशेपासून पस्तिशीपर्यंत तरुणांचा पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात (२०१२) असे दिसले की १८ ते २५ या वयात ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांचा उतावळेपणा आणि भावनिक अस्थिरता ही न सोडणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. स्वभाव निवळला म्हणून सिगारेट सुटली की सिगारेट सुटली म्हणून स्वभाव निवळला, याचा निर्णय त्यावरून होत नाही. पण स्वभाव दगडावरची रेघ नाही, एवढे निश्चित.

जे कार्यकर्ते आपल्या विभागात हे काम हाती घेतील त्यांनी पहिल्या भेटीत वहीत पुढील नोंदी कराव्यात : उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांनी, मागच्या वेळी किती दिवस सुटली होती, ती पुन्हा कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या मनःस्थितीत लागली, घरात दुसरे कोण ओढते, आणि पूर्वी काही औषध घेतले असल्यास ते कसे घेतले. तिसऱ्या नोंदीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पुढची भेट सोडण्याच्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी ठेवावी, महिन्याने नव्हे. जेथे डॉक्टर किंवा समुपदेशक जवळ नाही तेथे राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक द्यावा. त्याला पैसे पडत नाहीत. क्रमांक कागदावर लिहून देण्यापेक्षा त्याच बैठकीत त्याच्या हाताने फोन लावून घ्यावा.